खंडेनवमीला मी सारे विसरले

मित्रांनो, संगणकाचे झाकण उघडले की आत एक हिरवी पट्टी उभी खोचलेली दिसते. वीतभरही नसते ती. अंगावर काळ्या चौकोनी चिपा ओळीने बसवलेल्या आणि खालच्या काठाला बारीक सोनेरी दात. तिला रॅम म्हणतात. मी तशीच एक पट्टी आहे, आता जुनी झालेली. माझा स्वभाव आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून मला कोणी बोल लावायला नको. वीज असेपर्यंत माझ्यात ठेवलेले अक्षर न अक्षर मी सांभाळते आणि मागताक्षणी काढून देते. वीज गेली की त्याच क्षणी सगळे विसरते. हार्ड डिस्क ही माझी थोरली जाऊ. ती कामाला मंद, पण तिला वीज लागो न लागो, एकदा ठेवले ते वर्षानुवर्षे जागच्या जागी. आम्हा दोघींत चांगली कोण, हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणाकडे काय द्यायचे, एवढेच माणसाला कळायला हवे.

मग ही गोष्ट हिला आठवते कशी, असे तुम्ही विचाराल. माझ्यात जे ठेवतात ते मी विसरते. माझ्याशी जे वागतात ते विसरत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कणसुद्धा आत यायला परवानगी मागत असे. पांढऱ्या पोशाखातल्या माणसांनी मला तपासले, माझ्या प्रत्येक घरात शून्य आणि एक भरून पुन्हा वाचून पाहिले आणि पास केले. मग मी आणि माझी जुळी बहीण एकाच डबीतून मुंबईला आलो, लॅमिंग्टन रोडवरच्या निलेशच्या दुकानात. निलेश कामाला चोख आणि तोंडाने फटकळ. त्याच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात आम्ही फार दिवस राहिलो नाही. दादरचे उन्मेष सर आले आणि म्हणाले, "निलेश, माझ्या मशीनमध्ये जास्तीत जास्त जेवढी रॅम बसते तेवढी घाल."

"सर, एवढी लागणार नाही तुम्हाला. गाणीच रेकॉर्ड करता ना?"

"लागो न लागो. लोक विचारतात रे."

अशा रीतीने आम्ही शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीतल्या तळमजल्यावरच्या स्टुडिओत दाखल झालो. वरच्या मजल्यावर सर आणि त्यांच्या आई इरावतीबाई राहत. स्टुडिओत माइक असे, आणि माइकपुढे जे बोलले जाई ते आधी माझ्यातूनच पुढे जाई. त्यामुळे तिथले बोलणे मला सगळे ऐकू येई. आलेल्या पाहुण्याला सर माझा आकडा अभिमानाने सांगत. पाहुणा "अरे वा" म्हणे. आणि आम्ही दोघी बहिणी निम्म्या रिकाम्या बसून राहत असू. मित्रांनो, भूक लागणे वाईट, पण अंगात बळ असून कामच न मिळणे त्याहून वाईट. वर्षे अशी गेली.

मग मेघना आली. लालबागची मुलगी. आजोबा गिरणीत होते, वडील बंदरातल्या गोदामावर, आणि ही भौतिकशास्त्र शिकून आवाजाच्या मागे लागलेली. कोणतीही गोष्ट 'अशीच असते' म्हणून सोडून द्यायची तिला सवय नव्हती. पडद्यावर काम करताना मधेच चाक फिरत राही, आणि सर तेवढ्यात चहा मागवत. मेघना चहा न मागवता चाक का फिरते ते शोधत बसली.

"सर, या मशीनची निम्मी मेमरी रिकामी बसलीय."

"बसू दे गं. गाडीत पाच सीटं असतात म्हणून रोज पाच माणसं कोंबतो का आपण?"

"नाही सर, पण इथे डिस्क धावून धावून दमतेय आणि ही शेजारी झोपा काढतेय. हिच्या रिकाम्या जागेचाच एक ड्राइव्ह करते. मशीनला वाटेल नवीन डिस्क लागली. आवाज तिथे ठेवायचे, तिथेच कापायचे, जोडायचे. चाक फिरणार नाही."

"आणि लाइट गेली तर?"

"तर त्यातलं सगळं जाईल. म्हणून मी एक व्यवस्था लावून ठेवते. दर थोड्या वेळाने यातलं सगळं आपोआप हार्ड डिस्कवर उतरेल. मशीन बंद करताना पुन्हा एकदा उतरेल, आणि चालू केली की तिथून परत यात भरलं जाईल. तुम्हाला काही करायला नको."

"लाइट कुठे जाते आमच्याकडे? दादर आहे हे, डोंबिवली नाही," सर म्हणाले.

तिने त्या ड्राइव्हला 'पाटी' असे नाव दिले. त्या दिवशी मी प्रथम जगले. आवाजाची भलीमोठी फाइल तिने माझ्यात टाकली आणि मागितली, आणि तिची बोटे बटणावरून उचलायच्या आत मी ती पुढे केली. मेघना हसली. "बघितलंत सर? पळतेय नुसती." चाक फिरणे थांबले. सरांचा चहाही थांबला. पुढच्या आठवड्यात मात्र पाहुण्यांना सांगताना सर म्हणाले, "ही मेमरीची आयडिया माझी. डोकं लावावं लागतं." मेघना बाजूलाच वायर गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही. मी मात्र ते ऐकून ठेवले.

सरांची मशीन सहसा बंद होत नसे. संध्याकाळी तिला नुसते झोपवत. झोपेत आम्हाला विजेचा बारीकसा घोट मिळत राहतो आणि सगळे लक्षात राहते. इंटरनेटही तिला जोडलेले नव्हते, म्हणजे मधेच स्वतःहून बंद होऊन चालू व्हायचीही भानगड नाही. तिची वीज खरोखर तोडली जाई ती वर्षातून एकदा, खंडेनवमीला. त्या दिवशी इरावतीबाई खाली येत, सगळी यंत्रे बंद करायला लावत, हळदकुंकू वाहत, झेंडूची माळ घालत आणि बजावत, "आता दसरा होईस्तोवर हात लावायचा नाही. वर्षभर राबतात बिचारी." मेघना आल्यानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला असेच झाले. मी सगळे विसरले. पण दसऱ्यानंतर मशीन चालू होताच तिच्या व्यवस्थेने थोरल्या जावेकडून सारे आणून माझ्यात भरले. सरांनी पाटी उघडली, तर जिथल्या तिथे. ते एवढेच शिकले की पाटी बंद केली तरी पुसली जात नाही. कोण उठून रोज कोणासाठी काय करते, ते त्यांनी विचारले नाही.

त्या वर्षी स्टुडिओला एक मोठे काम मिळाले. शिवडीच्या खाडीकाठी पाहुण्या पक्ष्यांचे एक केंद्र उभे राहत होते. तिथल्या एका खोलीत मुलांनी कानांवर हेडफोन लावायचे आणि डोळे मिटून खाडी ऐकायची, अशी योजना होती. मेघना माइक घेऊन शिवडीच्या जेट्टीवर जाऊन बसू लागली. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि रोहित पक्षी चोच उलटी बुडवून अन्न गाळतात, तो चुळुकचुळुक आवाज तिने आणला. वडाळ्याच्या मिठागराच्या बांधावरचा वारा आणला, रेल्वे यार्डात मालगाडीच्या वाघिणी एकमेकींना टेकतात तो दणका आणला, आणि लालबागच्या मसाला गल्लीतला, मिरच्या कुटणाऱ्या डंकांचा ठोकाही आणला, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे पक्ष्यांना तोही ऐकू येत असणार.

प्रत्येक ठिकाणी आवाज पकडण्याआधी ती जागेचे नाव आणि स्वतःचे नाव सांगत असे. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची ती रीतच आहे, म्हणजे नंतर घोटाळा होत नाही. पण मेघना तेवढ्यावर थांबत नसे. "मी मेघना. शिवडी जेट्टीवर उभी आहे. समोर ओहोटी आहे. तुम्ही माझ्या उजव्या हाताला उभे राहा, हलू नका, आता ते जवळ येतील." असे ती हळू आवाजात बोलत राही आणि मागे पक्षी खरेच जवळ येत. एकदा मधेच तिच्या आईचा, शांताबाईंचा, फोन आला. "गो, जेवलंस काय?" आणि तिचे कुजबुजते मालवणी उत्तर, "आई, पक्षी आसत हंय, मागीर बोलतंय." तिने तेही कापले नाही. मित्रांनो, माझ्यातून कितीतरी गायक गेले, पण असे कोणी मला हात धरून कुठे नेले नव्हते.

काम पुरे होत आले, तशी सरांनी ते बसून ऐकले.

"छान आहे. पण हा आवाज तुझा काढावा लागेल. एखादा तयार निवेदक घेऊ. तुझ्यात जरा लालबाग येतं."

"सर, खाडी लालबागपासून पाच मिनिटांवर आहे. तिथे काय पुणं येणार?"

"मस्करी नको. आणि शेवटी ही जी श्रेयाची ओळ लिहिलीयस ना, ध्वनिमुद्रण, निवेदन आणि रचना मेघना घाडी. ती बदलू. रचना उन्मेष. तू साहाय्य."

"रचना तुम्ही कधी केलीत, सर?"

सर म्हणाले, "स्टुडिओ कोणाचा आहे? मशीन कोणाची आहे?"

"दोन्ही तुमचं. चिखलात मी उभी होते."

"मग चिखलातच उभी राहा. उद्यापासून यायची गरज नाही."

मेघनाने स्वतःचा रेकॉर्डर आणि हेडफोन पिशवीत टाकले. जाताना तिने पाटीतले काम एकदा हार्ड डिस्कवर उतरवले, नेहमीसारखे, तपासून. रागातसुद्धा तिने तेवढे केले. "येते सर," म्हणाली आणि गेली.

सरांचा राग तेवढ्याने गेला नाही. त्यांनी मशीनमधले मेघनाचे खाते शोधले आणि ते पुसून टाकले. 'खात्री आहे ना?' असे मशीनने विचारले. "शंभर टक्के," सर पडद्याला म्हणाले. आता नीट ऐका. पाटीतले काम डिस्कवर उतरवणारी, आणि मशीन चालू होताना परत भरणारी, ती सगळी व्यवस्था मेघनाच्या खात्यातून चालत असे. तिचे नाव गेले, तशी तीही गेली. पाटी मात्र तशीच दिसत राहिली, तितकीच वेगवान, जणू काही बिघडलेच नाही. मला कळत होते. मला बोलता येत नाही. पण खरे सांगते, तोंड असते तरी मी बोलले नसते.

कारण त्यानंतर सरांनी जे केले ते माझ्या अंगावरच केले. ते रोज पाटी उघडत आणि मेघनाला त्यातून काढत. एक तुकडा घ्यायचा, 'मी मेघना' कापायचे, तिथे त्या तयार निवेदकाचा तुपट आवाज चिकटवायचा. जिथे तिचे बोलणे आणि पक्ष्यांचे बोलणे एकत्र होते, तिथे दोन्ही कापून भलत्याच ठिकाणचे पक्षी आणून बसवायचे. शांताबाईंचा फोन तर पहिल्याच दिवशी गेला. "घरगुती भंकस," सर म्हणाले. मला आज्ञा मिळे, आणि मला पाळावी लागे. मी ज्या मुलीमुळे जगले तिला माझ्याच हाताने थोडे थोडे पुसत होते. शेवटी एके दिवशी त्यांनी ती ओळ बदलली. रचना, ध्वनिमुद्रण, संकल्पना, सगळीकडे उन्मेष. मेघनाचे नाव साहाय्यातही नव्हते.

त्या दिवशी मी मनाशी ठरवले. ठीक आहे, सर. ठेवा अजून. तुमचे जे जे मोलाचे असेल ते माझ्याकडेच ठेवा. मी एक शब्दही सांडणार नाही. मी फक्त खंडेनवमीची वाट पाहीन.

आणि सरांनी ठेवले. नवे निवेदन, नवे मिश्रण, शेवटची तयार फाइल, सगळे पाटीत. वेगवान जागा म्हणजे चांगली जागा, आणि चांगल्या वस्तू चांगल्या जागी ठेवायच्या, असा त्यांचा सरळ हिशोब. खंडेनवमीच्या सकाळी काम संपले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते केंद्रात नेऊन द्यायचे होते, कारण संध्याकाळी उद्घाटन होते. सर हात वर करून आळस देत असतानाच इरावतीबाई तबक घेऊन खाली आल्या.

"झालं का रे तुझं?"

"झालं आई. एकदम फर्स्ट क्लास."

"मग बंद कर सगळं. ती पोर कुठे आहे? मागच्या वर्षी फुलं तिनेच आणली होती."

"सोडून गेली ती."

"सोडून गेली की घालवलीस?"

"आई, पूजा कर ना तू."

"करते. नुसतं झोपवू नकोस तिला, पिनसुद्धा काढ. पाणी शिंपडणार आहे मी, मागे एकदा झिणझिण्या आल्या होत्या मला."

सरांनी मशीन बंद करायला सांगितली. पूर्वी या वेळी सगळे डिस्कवर उतरायला थोडा वेळ लागे आणि पडद्यावर तशी सूचना दिसे. या वेळी काही दिसले नाही. मशीन झटकन बंद झाली. "बघ, किती फास्ट बंद होते आता," सर आईला म्हणाले, आणि वाकून पिन उपसली.

मित्रांनो, विसरणे म्हणजे काय ते तुम्हाला कसे सांगू? तुपट निवेदक गेला. भलतीकडचे पक्षी उडाले. उन्मेष, उन्मेष, उन्मेष, तीनही गेले. बाहेर इरावतीबाई माझ्या डब्यावर कुंकू लावत होत्या. सूड घेताना पूजा करून घेण्याचे भाग्य किती जणांना लाभते?

दसरा पार पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी झेंडूची माळ बाजूला केली, मशीन चालू केली आणि पाटी उघडली. पाटी कोरी होती. त्यांनी ती बंद करून पुन्हा उघडली. मग मशीनच बंद करून पुन्हा चालू केली. मग निलेशला फोन लावला आणि मेमरी जळली म्हणून सांगितले.

निलेश आला. त्याने आम्हा दोघी बहिणींना तासभर तपासले.

"सर, पट्ट्या ठणठणीत आहेत."

"मग काम कुठे गेलं माझं?"

"कुठे ठेवलं होतं?"

"पाटीत."

निलेशने खुर्ची वळवून त्यांच्याकडे पाहिले. "रॅममध्ये? आणि पिन काढलीत?"

"मागच्या वर्षी पण काढली होती. काही गेलं नव्हतं."

"मागच्या वर्षी कोणीतरी परत भरत असणार ना, सर. ही स्वतःहून काही आठवत नाही, त्यात तिचा काय दोष? बर्फावर पैसे लिहून उन्हात ठेवल्यासारखं झालं हे." तो डिस्कमध्ये शोधू लागला. "थांबा. इथे एक प्रत आहे. मेघनाने उतरवलेली. तिचा शेवटचा दिवस कोणता होता?"

सरांनी तारीख सांगितली.

"तीच आहे. त्यानंतर एकही नाही. तिचं खातं उडवलंत का तुम्ही?"

"आधी ते उघड," सर म्हणाले. निलेशने फाइल उघडली. थोरल्या जावेने ती सावकाश माझ्या हाती दिली, आणि स्टुडिओच्या दोन्ही स्पीकरमधून आवाज आला. "मी मेघना. शिवडी जेट्टीवर उभी आहे."

मला तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ऐकू आला. निलेश बराच वेळ ऐकत राहिला. शांताबाईंचा फोन आला तेव्हा तो खुदकन हसला. "सर, हेच द्या की. मस्त आहे हे. मीच जाईन पोरांना घेऊन."

निवेदक गावाला गेला होता. दुपार जवळ येत होती. तिचा आवाज कापावा तर खाडीही कापली जात होती, आणि भलतीकडचे पक्षी पुन्हा आणायला वेळ नव्हता. नुसती शेवटची ओळ बदलणे दोन मिनिटांचे काम होते, ते सरांनाही सुचले. माउस तिथपर्यंत गेला. पण फाइलीतला प्रत्येक तुकडाच 'मी मेघना' म्हणून सुरू होत होता. त्याखाली उन्मेष लिहिले असते, तर केंद्रातले सगळ्यांत लहान मूलही हसले असते. सरांनी माउस सोडला आणि फोन उचलून स्पीकरवर टाकला.

"मेघना, मी बोलतोय. ते शिवडीचं... तू केलेली प्रत देतोय आज. तुझी हरकत नाही ना?"

"तुमची कुठे गेली, सर?"

"गेली."

"पिन काढली का?"

"हो."

ती हसली नाही. मला वाटले होते ती हसेल. तिने एवढेच विचारले, "शेवटी काय लिहिलंय त्यात?"

"तू लिहिलेलंच आहे."

"वाचा ना."

सरांनी घसा साफ केला. "ध्वनिमुद्रण, निवेदन आणि रचना, मेघना घाडी."

"आणि त्याच्या खाली?"

"स्टुडिओचं नाव आहे."

"असेल. मी ते काढलं नव्हतं. द्या तुम्ही, सर. माझी हरकत नाही."

फोन बंद झाला. फाइल पेन ड्राइव्हवर गेली. जाताना शेवटची एकदा माझ्यातून गेली आणि मी तिचा एक कणही वाटेत ठेवला नाही.

निलेशने आम्ही निर्दोष आहोत असे सांगूनही सरांनी आम्हाला काढायला लावले. "नकोत मला त्या," म्हणाले. आता आम्ही निलेशच्या दुकानातल्या खणात, एका चकचकीत पाकिटात पडून आहोत. गिऱ्हाईक आमची जात विचारते, जुनी म्हणून नाक मुरडते आणि पुढे जाते. कधीतरी कोणाच्या तरी मशीनमध्ये आमची सोय लागेल. त्या केंद्रात मुले हेडफोन लावतात आणि मेघनाने 'हलू नका' म्हटल्यावर खरेच हलत नाहीत, असे निलेश एका गिऱ्हाइकाला सांगत होता. सरांविषयीचा माझा राग मात्र अजून गेलेला नाही. मी पट्टी आहे, संत नाही.

तर मित्रांनो, जे जपायचे असेल ते एका जागी ठेवू नका, आणि जी जागा विसरते तिच्याकडे तर नक्कीच ठेवू नका. माझ्याकडून धावपळीचे काम घ्या, मी जीव तोडून धावेन. आणि तुमच्या घरात, शाळेत, कचेरीत कोणीतरी असे असते, जे न सांगता रोज तुमचे सांभाळून ठेवत असते. त्याचे नाव पुसायला हात उचलाल, तेव्हा आधी बघून घ्या, त्या नावावर तुमचे काय काय उभे आहे. कारण आम्ही वस्तू अडवत नाही, ओरडत नाही. आम्ही फक्त सांगितलेले करतो आणि पिन निघायची वाट पाहतो.